गुलमर्गचा बर्फ, वाढलेले दर आणि तिथली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच हे प्रश्न यायला लागतात आणि मार्चअखेरपर्यंत थांबत नाहीत. निम्म्या प्रश्नांत ‘लूट’ हा शब्द असतो. तो मी इथे काढून टाकला आहे, कारण दर वेळी तो लागू पडतोच असं नाही. किमती हंगामागणिक बदलतात, तेव्हा इथले आकडे अंदाजासाठी धरा. एका उत्तरातलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गुलमर्ग स्कीइंगसाठी ‘स्वस्त’ आहे असं सगळीकडे वाचलं. मग आम्हा चौघांचा खर्च लाखाच्या पुढे कसा जातोय?

‘स्वस्त’ हा शब्द युरोपातून येणाऱ्या स्कीवाल्यांचा आहे. आल्प्समधल्या मोठ्या ठिकाणी एका दिवसाच्या लिफ्ट पासलाच सत्तर-ऐंशी युरो पडतात. तेवढ्या पैशांत गुलमर्गला पास, भाड्याचं साहित्य आणि प्रशिक्षक असा सगळा दिवस निघतो. त्यांच्या हिशेबाने हे खरंच स्वस्त आहे.

आपला हिशेब निराळा असतो. तुमच्या लाखातला मोठा वाटा नाताळच्या सुट्टीतल्या श्रीनगरच्या विमानाचा आणि गुलमर्गमधल्या खोलीचा आहे. प्रत्यक्ष स्कीइंगवर त्यातला किती गेला ते एकदा कागदावर मांडा. बहुतेकांचा आकडा घोडा, स्लेज (बर्फावरची घसरगाडी) आणि फोटोंवर झालेल्या खर्चापेक्षा कमी निघतो.

२. पाच-सहा वर्षांत दर इतके का वाढले?

करोनानंतर परदेश बंद होता, तेव्हा अख्खा देश काश्मीरकडे वळला आणि नंतरही तो ओघ टिकला. २०२३ मध्ये गंडोलात, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारमध्ये, बसलेल्यांची संख्या दहा लाखांवर गेली. गुलमर्ग म्हणजे २,६५० मीटरवरचं बशीसारखं एक कुरण. तिथल्या बांधकामांवर उच्च न्यायालयाचे कडक निर्बंध आहेत, सिमेंट-विटा वर न्यायलाही परवानगी लागते. कुरण वाचायचं असेल तर हे योग्यच आहे. पण माणसं कित्येक पटींनी वाढली आणि खोल्या जवळपास तेवढ्याच राहिल्या, की खोलीचं भाडं कुठे जाणार?

त्यात वर मिळणारी प्रत्येक वस्तू, कोथिंबिरीच्या जुडीपासून डिझेलपर्यंत, पायथ्याच्या टांगमर्ग गावाहून १३ किलोमीटरचा घाट चढून येते. उणे दहा तापमानात खोली उबदार ठेवायची तर रात्रभर इंधन जळतं. ‘हीटरचे वेगळे पैसे’ म्हटल्यावर आपल्याला राग येतो, पण पुण्यातल्या खोलीचा खर्च मनात धरून तिथलं बिल वाचता येत नाही.

आणि हंगाम आखूड होत चालला आहे. पूर्वी डिसेंबरच्या मध्यापासून बर्फाची खात्री असे. जानेवारी २०२४ मध्ये तर जवळजवळ महिनाभर उतार कोरडे होते. तीन महिन्यांची कमाई दोन महिन्यांत करायची वेळ आली की दर चढतात.

३. बर्फही मिळेल आणि खिसाही फाटणार नाही, असे दिवस कोणते?

काश्मिरी हिवाळ्याचं कॅलेंडर पाठ करून ठेवा. २१ डिसेंबरपासून ४० दिवस ‘चिल्लई कलान’ म्हणजे कडाक्याची थंडी, मग २० दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचे १० दिवस ‘चिल्लई बच्चा’. नाताळ ते ५ जानेवारी हे दिवस सर्वांत महाग, आणि अलीकडे बर्फाच्या दृष्टीने सर्वांत बेभरवशाचे. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, तोही सोमवार ते शुक्रवार. मुलांच्या परीक्षा जवळ आलेल्या असतात, म्हणून आपल्याकडची गर्दी ओसरते.

४. गंडोलाचं तिकीट मिळत नाही. एजंट तिप्पट भावाने देतोय. घ्यावं का?

घेऊ नका. गंडोला जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाचा आहे आणि तिकीट त्यांच्या संकेतस्थळावर ठरावीक वेळेसाठी मिळतं. दोन्ही टप्पे मिळून माणशी साधारण पावणेदोन ते दोन हजार धरा. तारखा पक्क्या झाल्या की विमानाच्या आधी हे तिकीट काढा. हॉटेल एकदाचं मिळेल, हे मिळणार नाही.

पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: तुम्हाला गंडोला हवाच आहे का? नवशिक्याचं सगळं शिक्षण खाली, गोल्फ मैदानाच्या बाजूच्या सौम्य उतारांवर होतं. पहिले तीन दिवस वर जाऊन करायचं काहीच नसतं. १९९८ मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत नेतो आणि देखाव्यासाठी तेवढा पुरतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर सोडतो. तिथून स्कीवर उतरणं सराईतांचं काम आहे (प्रश्न १२ पाहा).

५. श्रीनगरहून केलेली गाडी टांगमर्गला थांबवली आणि दुसरी गाडी करायला लावली. ही फसवणूक नाही का?

बर्फ असेल तर नाही. टांगमर्गच्या वर रस्त्यावर बर्फ गोठलेला असतो, म्हणून चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना जोर असलेल्या गाड्याच सोडतात. त्या गाड्या स्थानिक युनियनच्या असतात. त्या घाटात आपला श्रीनगरचा ड्रायव्हर घसरलेला मी पाहिला आहे, दुसऱ्या गाडीचे पैसे त्यापेक्षा स्वस्त पडतात.

रस्ता कोरडा ठणठणीत असताना गाडी बदलायला सांगितली, तर मात्र विचारा. श्रीनगरहून निघतानाच ड्रायव्हरकडून दोन वाक्यं वदवून घ्या: ‘बर्फ असेल तर टांगमर्गपर्यंत, नसेल तर गुलमर्गपर्यंत’ आणि ‘वरच्या गाडीचे पैसे वेगळे की यातच’. नव्वद टक्के भांडणं इथेच मिटतात.

६. गाडीतून उतरताच वीस-पंचवीस जण अंगावर आले. घोडा घ्या, स्लेज घ्या, गाईड घ्या. यांना टाळायचं कसं?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी कशाची सक्ती नाही ते पाहा. गाईड सक्तीचा नाही. गंडोलाला ‘गाईडशिवाय सोडत नाहीत’ हे खोटं आहे. घोडाही सक्तीचा नाही. टॅक्सी स्टँडपासून गंडोलाचं स्टेशन एखादा किलोमीटर आहे, सारसबागेला फेरी मारण्याइतकं. ‘रस्ता बंद आहे’, ‘चार किलोमीटर आहे’ हे ऐकून घ्या आणि चालू लागा. ताजा बर्फ गुडघाभर असेल तर मात्र गमबूट भाड्याने घ्या. आपले स्पोर्ट्स शूज दहा मिनिटांत भिजतात आणि दिवस तिथेच संपतो.

घोडा, स्लेज, गाईड यांचे दर गुलमर्ग विकास प्राधिकरण ठरवून देतं. त्या दरांचे फलक पाहा, त्यांचा फोटो काढून ठेवा. दर सांगितला की पाच गोष्टी विचारा: माणशी की सगळ्यांचा, एका फेरीचा की जाऊन-येऊन, किती वेळ, कुठपर्यंत, आणि थांबण्याचे वेगळे का. शेवटचं विसरलात तर परत आल्यावर आठवण करून दिली जाते.

आणि बोलायची रीत. ‘नही चाहिए’ असं खेकसलं की माणूस हटत नाही, उलट चिकटतो. ‘भाईजान, आज पैदल ही जाएंगे, शुक्रिया’ एवढं शांतपणे दोनदा म्हटलं की बहुतेक जण मागे सरतात. ‘ए भैया’ म्हणू नका, म्हाताऱ्या माणसाला ‘चाचा’ म्हणा. मला हे एका स्लेजवाल्यानेच सुनावलं होतं: पैसे कमी द्या साहेब, पण हाक नीट मारा.

७. माणसाने ओढलेल्या स्लेजवर बसायला लाज वाटते. बसावं की नाही?

लाज वाटते ते ठीकच आहे. पण ती नंतर घासाघीस करताना कुठे जाते हे मला कळत नाही.

हे लोक टांगमर्ग आणि आजूबाजूच्या गावांतले. पहाटे निघून वर येतात, रांगेत उभे राहतात, एखाद्या दिवशी एकच फेरी मिळते तर एखाद्या दिवशी तीही नाही. तुम्ही बसला नाहीत म्हणून त्यांचं ओझं हलकं होत नाही, त्या दिवसाचं उत्पन्न हलकं होतं. बसायचं असेल तर चढावर उतरून चाला, उतारावर बसा. मुलांना तर मजा उतारावरच येते. नसेल बसायचं, तर ‘गरीब बिचारा’ म्हणून फोटोही काढू नका.

८. स्की शिकायला किती दिवस आणि किती पैसे लागतात?

एका तासात ‘स्कीइंग केलं’ असा फोटो मिळतो, स्कीइंग येत नाही. पडणं-उठणं आणि थांबणं पहिल्या दिवशी, वळणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. किमान तीन दिवस हवेत, पाच असतील तर उत्तम.

बूट, स्की आणि काठ्या यांचं भाडं साहित्याच्या दर्जानुसार दिवसाला पाचशेपासून दीड हजारापर्यंत जातं. बूट घालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. टाच आत उचलली जात असेल तर तो बूट नको. प्रशिक्षकाचा दिवसाचा मेहनताना अनुभवाप्रमाणे साधारण दीड ते तीन हजार. इथे मी सहसा भाव पाडत नाही. स्वस्तातला प्रशिक्षक बऱ्याचदा कालचा स्लेजवाला असतो. माणूस चांगला, पण तुमचा गुडघा त्याच्या हवाली करण्याइतका शिकलेला नसतो. नोंदणीचं ओळखपत्र मागा, चांगले प्रशिक्षक स्वतःहून दाखवतात.

सर्वांत किफायतशीर रस्ता म्हणजे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतली गुलमर्गची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था. तिचे ठरावीक दिवसांचे अभ्यासक्रम असतात. शिस्त कडक, सकाळी लवकर उठावं लागतं, जागा झटकन भरतात. कॉलेजमधल्या मुलांनी दुसरं काही शोधूच नये.

९. ठरले होते एवढे, नंतर मागितले त्याहून जास्त. तेव्हा काय करायचं?

ठरलेले पैसे हातात द्या, आवाज न चढवता ‘यही बात हुई थी’ म्हणा आणि थांबा. मग ओळखपत्राचा क्रमांक विचारा. हटलेच नाहीत तर पर्यटन पोलीस किंवा विकास प्राधिकरणाच्या कार्यालयात चला म्हणा. बहुतेक प्रकरणं ‘चला’ या शब्दावरच संपतात.

पण खरोखर जास्त वेळ थांबवलंत, मधे दोनदा फोटोसाठी उतरलात, सोबतच्या काकूंची बॅगही उचलायला लावलीत, तर मागणी चुकीची नसते. हे प्रकरण मी दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

१०. तिथले लोक आमच्यावर चिडलेले वाटतात. पर्यटक नको असतील तर बोलावतात कशाला?

पर्यटक नकोत असं म्हणणारा माणूस मला तिथे भेटलेला नाही. चीड आहे ती वेगळ्याच गोष्टींवर, आणि आपण समोर असल्यामुळे ती आपल्यावर निघते.

एक म्हणजे जमीन. गुलमर्गमधली बरीच हॉटेलं सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने उभी आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या नियमांनुसार, मुदत संपलेले व्यावसायिक पट्टे जुन्या धारकांना आपोआप वाढवून न देता लिलावाने द्यायचे ठरले. त्यामुळे बाहेरचं मोठं भांडवल येईल आणि आपण स्वतःच्या गावात नोकर होऊ, ही भीती चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू येते. ज्याचा पट्टा उद्या जाईल की काय अशी धास्ती आहे, तो मालक खोल्या नव्याने सजवत नाही आणि भाडंही आजच वसूल करतो. तुमच्या तक्रारीतली गळकी न्हाणीघरं आणि चढे दर, दोन्ही बरेचदा इथून येतात.

दुसरं म्हणजे भरवसा. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांना ठार मारलं गेलं. त्यांत सहा जण महाराष्ट्रातले होते. आपल्याकडे डोंबिवली, पनवेल, पुणे इथल्या घरांत काय झालं ते आपण जाणतोच. त्या हल्ल्यात पर्यटकांना वाचवायला गेलेला एक स्थानिक घोडेवालाही मारला गेला. त्यानंतर बुकिंगं धडाधड रद्द झाली, हप्त्यावर घेतलेल्या टॅक्सी उभ्या राहिल्या. आपलं माणूस गेलेलं असताना कुणी जायचं टाळलं तर त्याला कुणी दोष देऊ नये. पण जो जातो त्याने समोरच्या प्रत्येकाकडून ‘तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे’ असं वदवून घेऊ नये. स्कीच्या धड्याच्या मध्यावर हा प्रश्न विचारणारे लोक मी पाहिले आहेत. प्रशिक्षक हसून विषय बदलतो, आणि त्याचं ते हसणं आपल्याला ‘तुटक’ वाटतं.

तिसरं अगदी साधं. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं आणि डायपर वितळत्या बर्फाखालून एप्रिलमध्ये वर येतात. ते गोळा करणारे तिथलेच असतात.

११. परदेशी लोकांना आदराने वागवतात आणि आपल्याला गिऱ्हाईक समजतात. खरं आहे का?

थोडं खरं आहे. परदेशी स्कीवाला दोन-तीन आठवडे राहतो, तोच गाईड रोज घेतो, ठरलेले पैसे देतो आणि पुढच्या वर्षी परत येतो. आपण सकाळी अकराला येतो, चारला जातो आणि त्या पाच तासांत सगळं बघायचं असतं. पाच तासांच्या माणसाशी कुणाचीच ओळख होत नाही. तीन दिवस राहिलात तर चौथ्या दिवशी नून चहा (काश्मिरी खारा चहा) आपोआप समोर येतो, असा माझा तरी अनुभव आहे.

१२. दुसऱ्या टप्प्याचे पैसे भरले, पण वारा म्हणून बंद. पैसे परत मिळतात का? आणि वरून खाली स्की करत आलो तर चालेल?

गंडोला चाललाच नाही तर परतावा मिळतो. तुम्ही उशिरा पोचलात तर मिळत नाही. ‘मुद्दाम बंद ठेवतात’ या तक्रारीत तथ्य नाही. बंद टप्प्याचे पैसे महामंडळालाही मिळत नाहीत.

अफरवटचे उतार बहुतांशी नैसर्गिक आहेत, यंत्राने सपाट केलेले नाहीत. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथे हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीवाले गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक जण गेला. हे सगळे अनुभवी लोक होते. गस्तपथकाची सूचना, स्थानिक गाईड आणि हिमस्खलनात शोध घेणारी उपकरणं यांच्याशिवाय तिकडे फिरकू नका. इथे गाईडच्या दरात घासाघीस करणाऱ्याला मी उत्तरच देत नाही. प्रवासविम्यात साहसी खेळ वगळलेले असतात का, हेही आधी वाचा.

१३. टांगमर्गला राहिलं तर किती वाचतात?

खोलीचे निम्मेसुद्धा वाचू शकतात, पण रोजची गाडी आणि घाटातला वेळ त्यातून वजा करा. एक दिवस फिरायचं असेल तर टांगमर्ग फायद्याचं. रोज स्की शिकायचं असेल तर वरच राहा. सकाळचा घट्ट बर्फ दुपारी भुसभुशीत होतो आणि चांगला अर्धा दिवस घाटात जातो. टांगमर्गच्या घरगुती मुक्कामात जेवण मात्र वरच्या कुठल्याही हॉटेलपेक्षा चांगलं असतं. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगा, हाक (काश्मिरी पालेभाजी) आणि राजमा आवडीने करून घालतात.

१४. खोलीच्या बिलात कर किती असावा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के. अजूनही १२ टक्के लावलेले दिसले तर बिल परत द्या आणि दुरुस्त करून घ्या. पावती नकोच म्हणून ‘रोखीने कमी’ ठरवलं असेल तर नंतर तक्रारीला जागा राहत नाही.

१५. यूपीआय चालतं ना सगळीकडे?

चालतं, पण बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. चौघांत एकाकडे तरी पोस्टपेड हवं. वादळात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, म्हणून शंभर-दोनशेच्या नोटा जवळ ठेवा. सुट्टे नसले की घासाघीशीत जिंकलेले पैसे तिथेच परत जातात.

१६. आम्ही गेलो आणि बर्फच नव्हता. टूरवाल्याकडे पैसे मागता येतील का?

पॅकेजच्या कागदावर ‘बर्फाची हमी’ असं लिहिलेलं असेल तरच, आणि तसं कुणीही लिहून देत नाही. स्वतः बुकिंग करणार असाल तर तारीख बदलू देणारं हॉटेल निवडा, दोन-तीनशे जास्त गेले तरी. मार्च २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या स्पर्धा झाल्या, त्यासुद्धा फेब्रुवारीत बर्फ नाही म्हणून पुढे ढकलल्या होत्या. सरकारी स्पर्धेला जिथे थांबावं लागतं, तिथे आपली काय कथा.

कोरड्या जानेवारीत तिथल्या लोकांचे चेहरे बघवत नाहीत. पहिला बर्फ पडला की एकमेकांना ‘नवशीन मुबारक’ म्हणतात, नव्या बर्फाच्या शुभेच्छा. त्या दिवशी तुम्ही तिथे असाल तर तुम्हीही म्हणा.

१७. त्याच प्रशिक्षकाला शेजारच्या कुटुंबाने आमच्या निम्मे पैसे दिले. फरक परत मागू का?

फलकावरच्या दरापेक्षा जास्त घेतले असतील तर जरूर मागा, रीत प्रश्न ९ मध्ये आहे. तुमचा दर तुम्हीच ठरवला होता आणि शेजाऱ्यांनी फक्त जास्त घासाघीस केली असेल, तर नाही. त्यांना किती वेळ शिकवलं तेही विचारून घ्या. मागच्या वर्षी ज्यांनी मला हाच प्रश्न पाठवला, त्यांना दोन तास मिळाले होते आणि शेजाऱ्यांना पन्नास मिनिटं.